वाचकांचे प्रश्न : बर्फ गेला तर समुद्रातलं शेवाळ वाढेल ना?

मागच्या अंकात उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावर एक छोटं टिपण दिलं होतं. त्यात एक वाक्य होतं की तिथला बर्फ कमी होतोय आणि त्यामुळे पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पतींचं, म्हणजे प्लवकांचं, वेळापत्रक बिघडतंय. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली सहा इथे घेतलीत, बाकीच्यांची उत्तरंही बहुतेक यातच सापडतील.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. बर्फात आणि इतके महिने अंधारात शेवाळ जगतंच कसं? पाणी गोठलं की पेशी फुटत नाहीत का? आणि मला ते कुठे बघायला मिळेल का?
– एक विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम शेवटीच घेणारे, आधी पहिले दोन.

आपल्या फ्रीजमधला बर्फ आणि समुद्राचा बर्फ यात खूप फरक आहे. समुद्राचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, उणे १.८ च्या आसपास गोठतं, आणि गोठताना त्यातलं मीठ बर्फाच्या स्फटिकात बसूच शकत नाही, ते बाहेर ढकललं जातं. मग होतं काय, की बर्फाच्या आत बारीक बारीक नळ्या आणि पोकळ्या तयार होतात आणि त्यात प्रचंड खारट पाणी न गोठता भरून राहतं. शेवाळ राहतं ते या नळ्यांमध्ये. बहुतेक सगळे डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या एकेका पेशीच्या वनस्पती. ते आजूबाजूला अशी प्रथिनं सोडतात जी बर्फाच्या कणाला चिकटून बसतात आणि त्याला वाढू देत नाहीत, म्हणून पेशी फुटत नाही.

वैज्ञानिक बर्फात पोकळ ड्रिल घालून आरपार दांडा बाहेर काढतात, मनगटापेक्षा जाड आणि मीटर दीड मीटर लांब. वरचा सगळा भाग पांढरा, दुधी, आणि अगदी तळाचे दोन-चार सेंटिमीटर चहा सांडल्यासारखे तपकिरी. सगळी वस्ती तिथे, कारण खालून समुद्राचं पाणी लागतं आणि त्यातून खत मिळतं. तो तळाचा तुकडा करवतीने कापतात आणि मग नुसता वितळू देत नाहीत, कारण नुसता वितळला तर पाणी जवळजवळ गोडं होतं आणि खाऱ्याची सवय असलेल्या पेशी फुगून फुटतात, म्हणून त्यात गाळलेलं समुद्राचं पाणी घालून थंडीतच हळूहळू विरघळवतात. मला एकदा अशा पाण्याचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघायला मिळाला होता. सोनेरी-तपकिरी रंगाच्या होड्या, एकाला एक चिकटून झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या, आणि आत तेलाचे छोटे छोटे थेंब. मी बराच वेळ डोळा काढला नाही.

आणि अंधाराचं म्हणशील तर पोलारस्टर्न नावाचं जर्मन जहाज २०१९ मध्ये मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात गोठवून घेतलं होतं, ते २०२० पर्यंत बर्फाबरोबर वाहत राहिलं. त्या मोहिमेत दिसलं की मार्च संपताना सूर्य जेमतेम क्षितिजावर आलाय, वर बर्फ, बर्फावर आणखी भुसभुशीत हिम, आणि तरी खालच्या पाण्यात प्लवकांची वाढ सुरू झालेली. उजेड किती, तर भर उन्हाच्या लाखाव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यावर ते अन्न तयार करायला लागतात.

प्रश्न : ताई, मी शेतकरी माणूस. मला साधं गणित वाटतं. बर्फाने झाकलेला समुद्र म्हणजे अंधार, बर्फ गेला की ऊन आत जाणार, ऊन मिळालं की हिरवं वाढणारच, आणि वाढलं की हवेतला कार्बन ओढून घेणार. मग यात वाईट काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय आणि ते बरोबर आहे. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये, म्हणजे उन्हाळा संपताना बर्फ सगळ्यात कमी असतो तेव्हा, आर्क्टिकवर साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. २०१२ च्या सप्टेंबरात तो ३४ लाखांवर आला. म्हणजे आपल्या अख्ख्या भारतापेक्षा मोठा पसारा उघडा पडला. आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी उपग्रहातून दिसणाऱ्या पाण्याच्या रंगावरून हिशोब काढला तर १९९८ ते २०१८ या काळात तिथल्या प्लवकांचं वर्षाचं उत्पादन ५७ टक्क्यांनी वाढलं. त्यामुळे वाढ झालीच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

पण दादा, नुसत्या उन्हावर पीक येतं का? खत लागतं. समुद्रातलं खत म्हणजे मुख्यतः नायट्रेट, आणि ते असतं खोल पाण्यात. बर्फ वितळला की त्याचं पाणी कमी खारट म्हणून हलकं, ते दुधावर साय धरावी तसं वरच पसरून बसतं आणि खालचं जड, खताचं पाणी वर येऊ देत नाही. वरच्या थरात होतं नव्हतं ते खत प्लवक काही आठवड्यांत संपवतात आणि मग चोवीस तास सूर्य डोक्यावर असूनही काही उगवत नाही. जिथे पॅसिफिक किंवा अटलांटिकचं खताचं पाणी आत शिरतं, म्हणजे अलास्काच्या वरचा चुकची समुद्र आणि नॉर्वेच्या वरचा बॅरेंट्स समुद्र, तिथे वाढ दणक्यात होते. वीस वर्षांच्या त्या हिशोबातही आधीची वाढ बर्फ हटल्यामुळे आणि नंतरची बहुधा बाहेरून नवीन खत आल्यामुळे, असंच दिसलं. पण कॅनडाच्या उत्तरेला जिथे गोड्या पाण्याचं झाकण जाड होत गेलं तिथे २००४ ते २००८ च्या मोजणीत मोठे प्लवक कमी होऊन अगदी बारीक बारीक प्लवक वाढलेले सापडले. बारीक पेशीला थोडक्यात भागवता येतं.

आता कार्बन. मोठा डायटम जड असतो, मेला की बुडतो आणि कार्बन घेऊन खाली जातो. बारीक पेशी वरच्या वर खाल्ली जाते आणि तिच्यातला कार्बन वरच्या वर परत सुटतो. त्यामुळे किती उगवलं हे विचारून भागत नाही, काय उगवलं हे विचारायला लागतं. याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण २०१२ च्याच उन्हाळ्यातलं. मेलोसिरा आर्क्टिका नावाचा एक डायटम बर्फाच्या खालून केसांच्या जटांसारखा लोंबतो. त्या वर्षी बर्फ इतका वितळला की त्या जटा सुटून खाली गेल्या, आणि पोलारस्टर्नवरच्या आंतये बोएटियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा जवळपास ४,००० मीटर खाली सोडला तर समुद्राच्या तळावर हिरवट-तपकिरी गोळे पडलेले आणि समुद्रकाकड्या त्यावर चरतायत. म्हणजे त्या वर्षी कार्बन खाली गेला, भरपूर गेला. पण बर्फच राहिला नाही तर त्या जटा लोंबणार कशाला?

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुलै २०११ मध्ये स्टॅनफर्डचेच समुद्रवैज्ञानिक केविन अरिगो यांची टीम हीली नावाचं बर्फ फोडणारं जहाज घेऊन चुकची समुद्रात गेली. समजूत अशी होती की बर्फाखाली जवळजवळ काही नसणार. आणि सापडलं काय, तर मीटरभर जाडीच्या बर्फाखाली पाणी वाटाण्याच्या सुपासारखं हिरवं, बर्फाच्या कडेपासून आत १०० किलोमीटरपेक्षा जास्त. पूर्वीचा बर्फ वर्षानुवर्षं साठलेला, जाड असायचा. आता एकाच हिवाळ्यात धरलेला, पातळ असतो आणि उन्हाळ्यात त्यावर पाण्याची डबकी साचतात, ती डबकी खिडकीच्या काचेसारखी उजेड आत सोडतात. उपग्रहाला बर्फाखालचं दिसत नाही, त्यामुळे हे पीक हिशोबात आलंच नव्हतं. आणि काही भागांत तर आता सप्टेंबरमध्ये उघड्या पाण्यावर वारा सुटतो, पाणी ढवळलं जातं, थोडं खत वर येतं आणि दुबार पीक येतं, पूर्वी तिथे तोवर बर्फ धरायला लागलेला असायचा.

प्रश्न : पण मग वेळापत्रक बिघडतं म्हणजे नक्की कुणाचं? शेवाळ आधी आलं काय आणि नंतर आलं काय, खाणारा खाईलच की.
– एक शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, सगळा जीव याच प्रश्नात आहे माझ्या मते, म्हणून जरा सावकाश सांगते.

कॅलॅनस ग्लेशियालिस नावाचा एक प्राणी आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. लांब मिशा, अंग काचेसारखं पारदर्शक, आणि त्या अंगात आतून एक लांबट तेलाची पिशवी चमकताना दिसते. वाळवून वजन केलं तर निम्म्याहून जास्त तेलच भरू शकतं. शेवाळातली ताकद तेलात बदलून पुढे पोचवायचं काम हा करतो, त्याच्यावर पोलर कॉड मासा, लिटल ऑक नावाचा छोटा पक्षी, आणि मग त्यांच्यावर सील आणि पुढचे सगळे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर उत्तरेला रिप फ्योर्ड म्हणून खाडी आहे, तिथे याचं वर्ष बारकाईने बघितलं गेलंय. एप्रिल संपता संपता बर्फाच्या तळाला शेवाळ फुलतं, मादी वर येऊन ते खाते आणि त्या ताकदीवर अंडी घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. तोवर बर्फ पातळ होत होत फुटतो आणि पहिल्या बहरानंतर साधारण दोन महिन्यांनी पाण्यातले प्लवक फुलतात, तेव्हा पिल्लं तोंड उघडून तयार असतात. म्हणजे पहिला बहर आईच्या बाळंतपणाला आणि दुसरा पोरांना. दोन्हींच्या मधलं अंतर त्यांच्या वाढीला बरोबर बसलेलं आहे.

आता बर्फ लवकर फुटला तर बर्फाखालचा बहर आखडतो आणि पाण्यातला बहर पुढे सरकतो, दोघांमधलं अंतर कमी होतं, आणि पिल्लं खाण्याजोगी होईपर्यंत त्यातलं सगळ्यात पौष्टिक, ताजं शेवाळ संपत आलेलं असतं. आपल्याकडे तरवा तयार व्हायच्या आधीच लावणीचा पाऊस पडून गेला तर जी गत होते तीच. पाऊस वर्षाच्या सरासरीएवढा पडला म्हणून भात येतं असं नाही ना सर. आणि हा प्राणी उपाशी पडला की त्याची जागा रिकामी राहत नाही, अटलांटिककडून कोमट पाण्याबरोबर त्याचाच धाकटा भाऊबंद, कॅलॅनस फिनमार्किकस, वर सरकतो. तो अंगाने लहान आणि तेलाने खूप कमी. पक्ष्याला तेवढंच पोट भरायला कितीतरी जास्त दाणे टिपायला लागतात. खाणारा खातोच, पण त्याला ते पुरत नाही.

प्रश्न : क्रिल म्हणजे आपला जवळाच ना? तिकडे अंटार्क्टिकाला बर्फ कमी झाला तर त्याला काय फरक पडतो, तो तर पाण्यात राहतो.
– मासेमारी करणाऱ्या घरातली एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, दिसायला अगदी जवळ्यासारखा, पण कुळ वेगळं. आपला जवळा बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा होत नाही आणि त्याचं आयुष्यही थोडं. अंटार्क्टिकचा क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पाच-सहा वर्षं जगतो. मोठा क्रिल हिवाळ्यात उपाशी राहू शकतो, चक्क अंगाने आकसतो आणि तग धरतो. पण त्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पिल्लाच्या अंगात साठा नसतो, त्याला पहिल्या हिवाळ्यात काहीतरी खायलाच लागतं, आणि हिवाळ्यात पाणी तर रिकामं असतं. मग ते बर्फाच्या खालच्या बाजूला उलटं लटकून तिथलं शेवाळ खरवडून खातं. बर्फाच्या कपारीत लपायलाही जागा मिळते. म्हणून बर्फ हे त्याचं पाळणाघर. बर्फ उशिरा धरला की पोरं उघड्यावर.

दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागात १९७० च्या दशकापासून क्रिलची दाटी कमी झाली असं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, त्यात १९२६ पासूनच्या जाळ्यांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. किती कमी झाली यावर वैज्ञानिकांत वाद आहेत, पण क्रिल दक्षिणेकडे, बर्फाच्या मागे मागे सरकतोय असंही नंतरच्या नोंदींत दिसतं.

आणि चिपळूणच्या दादांनी हेही वाचावं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला ३० वर्षांत प्लवकांचं हरितद्रव्य एकूण १२ टक्क्यांनी घटलेलं सापडलं. दक्षिण टोकाकडे जिथे पूर्वी कायम बर्फ होता तिथे बर्फ हटल्यावर वाढलं, बरोबर. पण उत्तरेकडे जिथे बर्फ आधीच थोडा होता तिथे तो गेल्यावर घटलं. कारण बर्फ नसला की वाऱ्याला अडवायला कुणी नाही, वारा पाणी खोलवर घुसळतो आणि प्लवक वर-खाली फिरत राहतात, अर्धा वेळ अंधारात. वर ढगही वाढलेले. शिवाय दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर असतं आणि कमी असतं ते लोह, आणि बर्फ हिवाळाभर लोह धरून ठेवतो आणि वसंतात वितळताना ते सोडतो, बर्फाच्या कडेला बहर येतो त्याला तेही एक कारण. बर्फ कमी तर ती पुडीही छोटी.

तिकडचा बर्फ बरीच वर्षं घटत नव्हता, २०१४ च्या सप्टेंबरात तर २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. पण फेब्रुवारीत, म्हणजे तिकडचा उन्हाळा संपताना, बर्फ सगळ्यात कमी असतो, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये १७.९ लाखांवर आला आणि त्याच वर्षी हिवाळ्यातला सगळ्यात मोठा पसाराही १.७ कोटींच्या आत राहिला. हे फार लवकर झालंय, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते, कारण पाच-सहा वर्षं जगणाऱ्या प्राण्याला लागोपाठ दोन-तीन वाईट हिवाळे खूप झाले.

प्रश्न : आम्ही सिएटलला राहतो, इथल्या बंदरातून अलास्काकडे पोलॉक धरायला मोठ्या बोटी जातात. त्या माशाला याचा काही फटका?
– एक वाचक, सिएटल

उत्तर : बसतो. अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्र आहे, तिथे गंमतीची उलटी गोष्ट दिसते. हिवाळ्यातला बर्फ उशिरापर्यंत टिकला तर तो वितळताना कडेला लवकर, एप्रिलमध्येच बहर येतो. बर्फ लवकर गेला तर मात्र बहर उशिरा, मेच्या पुढे, कारण वादळं पाणी घुसळत राहतात आणि ऊन तापून वरचा थर शांत होईपर्यंत प्लवकांना थारा मिळत नाही. २००१ ते २००५ ही गरम वर्षं होती. पोलॉकची पिल्लं उन्हाळ्यात भरपूर दिसली, लोक खूश झाले. पण तेलाने भरलेले मोठे कोपेपॉड, म्हणजे वर सांगितलेल्या कॅलॅनससारखे बारीक प्राणी, कमी होते, पिल्लांनी बारीक आणि कमी तेलाचे खाल्ले, अंगावर चरबी चढली नाही आणि पुढच्या हिवाळ्यात त्यातली फार थोडी वाचली. म्हणून तिथले लोक आता पिल्लं मोजतात तशी त्यांच्या अंगातली चरबीही मोजतात. तुमच्याकडचं फिश स्टिक आणि खेकड्याच्या नावाने विकलं जाणारं सुरिमी पुष्कळदा याच माशाचं असतं.

प्रश्न : हे काम गोव्यातून पण चालतं असं ऐकलं, खरं का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : अगदी खरं, तुमच्या शेजारीच, वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली आणि तिचे प्रमुख डॉ. सय्यद झहूर कासिम स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ होते, प्लवकांवर काम केलेले. स्वालबार्डला २००८ पासून आपलं हिमाद्री स्टेशन आहे आणि त्याच्या समोरच्या काँग्स फ्योर्डमध्ये २०१४ पासून इंडआर्क नावाची उपकरणांची माळ पाण्यात सोडलेली आहे, पाण्याचं तापमान आणि क्षारता वर्षभर मोजत राहते. त्याच खाडीत २००६ पासून हिवाळ्यात बर्फ फारच कमी धरायला लागलाय, अटलांटिकचं कोमट पाणी आत येतं. त्यामुळे बर्फ गेल्यावर काय होतं हे बघायला आपले लोक अगदी योग्य जागी बसलेत.

आणि आता संगमनेरच्या मुलीचा राहिलेला प्रश्न. बर्फातले डायटम तुला तिथे मिळणार नाहीत, पण डायटम मिळतील. हिवाळ्यात प्रवरेचं पाणी उतरून संथ वाहत असेल तेव्हा घरातलं मोठं माणूस बरोबर घेऊन काठावर जा. उथळ पाण्यातले दगड हाताला बुळबुळीत लागतात, त्यावर हिरवा नाही तर तपकिरी-पिवळसर थर असतो, तो शोध. जुन्या टूथब्रशने तो थर खरवडून थोड्या पाण्यात घे, त्यातला एक थेंब काचपट्टीवर ठेव, वरून पातळ काच, आणि शाळेच्या मायक्रोस्कोपला एकूण ४०० पट मोठं दिसेल अशी लेन्स लाव. होड्या दिसतील, सोनेरी. थोडा वेळ न हलवता बघत रहा, त्यातल्या काही आपोआप सरकायला लागतात. दिसलं ते वहीत काढ आणि ते पान मला पाठव.